अठरा पावलांवरची पट्टी

सुतळी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. खरं नाव शाळेच्या हजेरीपटात होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. उंच, सडसडीत, हातपाय अंगापेक्षा एक माप मोठे, खुर्चीत बसली की गुंतवळ झाल्यासारखी दिसणारी आणि धावायला लागली की एकदम सरळ होणारी. सोळा वर्षांची ही मुलगी शाळेच्या रिले संघात शेवटची, म्हणजे चौथी धावायची, आणि तिच्याइतकी वेगाची मुलगी त्या शाळेने बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. कौतुक एवढं पुरे. कारण तिला एक खोड होती आणि त्या खोडीपायी अख्खा संघ मेटाकुटीला आला होता.

खोड कळायची तर आधी रिले कळायला हवी. चौघी जणी, प्रत्येकीला शंभर मीटर, आणि हातात एक हलकी पोकळ नळी, बॅटन. पहिलीने ती दुसरीला द्यायची, दुसरीने तिसरीला, तिसरीने चौथीला. देणारी जीव खाऊन धावत येत असते आणि घेणारीनेही थांबून राहायचं नसतं. तिनेही वेग धरलेला असावा लागतो. म्हणून घेणारी आपल्या जागेपासून मागे अठरा पावलं मोजते आणि तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावते. येणारीचा पाय त्या पट्टीवर पडेपर्यंत मागे बघायची मुभा असते. पाय पडला की तोंड पुढे करायचं आणि सुटायचं. मागची ‘घे!’ म्हणून ओरडली की हात मागे करायचा, नळी हातात येते. ही सगळी देवाणघेवाण पुढच्या पिवळ्या रेघेच्या आत उरकावी लागते, नाहीतर संघ बाद. पट्टीनंतर मात्र मागे बघायचं नाही म्हणजे नाही. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की वेग मरतो आणि तोवर बाकीच्या शाळा पुढे निघून गेलेल्या असतात.

सुतळी बघायची. दर वेळी बघायची.

“मान आहे का टेबलफॅन?” खेळाच्या बाई ओरडायच्या. बाईंच्या गळ्यात बारा महिने शिट्टी लटकलेली असायची, त्या बोलण्यापेक्षा ती जास्त वाजवायच्या, म्हणून मुली त्यांना पाठीमागे शिट्टीबाई म्हणायच्या. “मागे काय सिनेमा चाललाय? काय दिसतं तुला एवढं?”

सुतळी खाली बघून बुटाने माती उकरायची. काय दिसतं हे तिला अगदी नीट माहीत होतं, पण ते बाईंना सांगण्यासारखं नव्हतं.

मागे मास्तरीण दिसायची.

मास्तरीण तिच्याच वर्गातली, तिसरी धावणारी. ठेंगणी, भक्कम, जाड काचांचा चष्मा रबरी पट्ट्याने डोक्याला बांधलेला. हिला सगळं समजावून सांगायची हौस. ‘मुद्दा असा आहे, की’ या चार शब्दांशिवाय तिचं वाक्य सुरूच व्हायचं नाही. दप्तरात मोजपट्टी, रोजच्या धावण्याच्या वेळा लिहायची वही, दोन पेन आणि दोन्ही बिघडली तर एक पेन्सिल. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी सिग्नल हिरवा होईपर्यंत ही फुटपाथवर उभी. डबा खायला सावकाश, जिना चढायला सावकाश, हसायलासुद्धा सावकाश. विनोद झाल्यावर दोन क्षणांनी तिला हसू यायचं आणि मग थांबायचं नाही. आणि अशी ही मुलगी वळणावरून जिभेचं टोक दातांत धरून, गाल हलवत, चष्मा नाकावर नाचवत, सगळं बळ पणाला लावून यायची. तीही कुणाकडे, तर सरळ सुतळीकडे! काहीतरी द्यायला! असं कुणी आपल्याकडे धावत येत असताना तोंड फिरवायचं, हा नियम कुणी केला असेल त्याचं कुणावर कधी प्रेम बसलं नसावं, असं सुतळीचं ठाम मत होतं.

तर प्रेम. आडपडदा कशाला ठेवायचा? सुतळी मास्तरणीच्या प्रेमात पडली होती, चांगली आपटली होती, आणि पडल्यापासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. गणिताच्या तासाला मास्तरणीची वेणी समोरच्या बाकावर डुलायची आणि सुतळीच्या वहीत एकही गणित पुरं व्हायचं नाही. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला सहा वेळा, पट्टीपासून तिच्या हातापर्यंतचे ते दीड-दोन सेकंद, एवढीच तिची मिळकत होती आणि तेवढ्यावर ती खूश होती.

शनिवारी आंतरशालेय स्पर्धा होती. त्याआधीच्या सोमवारी सुतळीने सहापैकी सहा वेळा मागे पाहिलं. सहाव्या वेळी तर ती इतकी मंदावली की मास्तरीण तिच्या पाठीवर येऊन आदळली, चष्मा एकीकडे आणि नळी एकीकडे.

मास्तरणीने चष्मा उचलला, काच पुसली आणि शांतपणे म्हणाली, “मुद्दा असा आहे, की तुझा माझ्यावर विश्वास नाही.”

“असं काही नाही गं!”

“मग का बघतेस? मी येणार नाही असं वाटतं? नळी पाडीन असं वाटतं? महिन्याभरात मी एकदा तरी पाडलीय का? वही दाखवू?”

सुतळी पडलेली नळी उचलायला वाकली. खरं बोलायची हिंमत नव्हती आणि खोटं सुचत नव्हतं. मास्तरणीने मान हलवली आणि ती निघून गेली. तिचे डोळे भरून आले होते, हे सुतळीला चष्म्याच्या काचेआडूनही दिसलं.

मंगळवारी शिट्टीबाईंनी चौघींना आणि बदली खेळाडूला गोल उभं केलं. “मास्तरीण मला म्हणतेय, तिला पहिल्या नंबरला टाका. चौथीचा तिसरीवर भरवसा नसेल तर संघाचं नुकसान आहे, असं तिचं म्हणणं. आणि ते बरोबर आहे. तिसरी ही धावेल.” त्यांनी बदली खेळाडूच्या खांद्यावर हात ठेवला. या मुलीला तोफ म्हणत, कारण तिची ‘घे!’ शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू जायची. “हिच्याकडे बघायची गरजच पडणार नाही. यादी गुरुवारी देणार आहे, तोवर बघू.”

तोफ चांगली मुलगी होती. त्या दिवशी तिने तीनदा बिनचूक नळी दिली आणि तिन्ही वेळा सुतळीने मागे पाहिलं नाही. बाई खूश झाल्या. “बघ! जमतं की तुला!” सुतळीला मात्र रडू कोसळायच्या बेतात होतं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मास्तरीण एकटीच सुरुवात घोटवत होती, पाठ फिरवून, आणि एकदाही इकडे बघत नव्हती.

सुतळीच्या घरी पुढची खोली ही आईच्या कामाची खोली होती. आई दातांच्या कवळ्या बनवायची. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर दिवा, प्लास्टरचे साचे, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि लहान लहान कप्प्यांच्या पेटीत दात. सुळे वेगळे, दाढा वेगळ्या, रंगांप्रमाणे लावलेले. बाबा तयार कवळ्या स्कूटरवरून दंतवैद्यांच्या दवाखान्यांत पोचवायचे. घरात पाहुणे आले की फळीवरचे वीस-पंचवीस जबडे बघून त्यांचा चहा थंड व्हायचा. सुतळी मात्र या जबड्यांच्या संगतीतच वाढली होती.

त्या संध्याकाळी ती स्टुलावर येऊन बसली. आई चिमट्यात एक सुळा धरून मेणात बसवत होती.

“आई, समज, एखाद्या माणसाचा गैरसमज झाला.”

“हं.”

“आणि तो दूर करायचा तर खरं सांगावं लागेल. आणि खरं सांगितलं तर ते माणूस कदाचित कायमचं दूर जाईल. आणि नाही सांगितलं तर नक्की जाईल.”

“म्हणजे जाणार ते जाणारच, तर सांगून का टाकू नये?” आईने सुळा अर्धा केस डावीकडे सरकवला. “कोण, ती चष्मेवाली?”

सुतळी स्टुलावरून पडता पडता राहिली. “तुला कसं कळलं?”

“तू तिचं नाव घेतलंस की तुझ्या अक्कलदाढेची जागासुद्धा दिसते मला. आणि घरात दिवसाला चाळीस वेळा घेतेस. मी दातांचं काम करते गं, आंधळी नाही.”

सुतळी स्टुलासकट पुढे सरकली. “तुला... तुला चालेल?”

आईने चिमटा खाली ठेवला. हे ती सहसा करत नसे, कारण मेण गार होतं. तिने हात पुसले आणि मुलीचं तोंड दोन्ही तळव्यांत धरलं. “तुला आवडलेलं माणूस मला न चालायला ते माझ्या दारात चपला आडव्या काढणारं तरी असायला पाहिजे. ती तर ओळीत लावते. आता बाबांना मी सांगू का तू?”

“आई! अजून मी तिलाच सांगितलं नाहीये!”

“अगंबाई. मग आधी तिला. सगळं क्रमाने झालं पाहिजे.” आणि आईने पुन्हा चिमटा उचलला. बाबा तेवढ्यात हेल्मेट घालूनच आत आले, सुतळीचे ओले डोळे बघून कावरेबावरे झाले आणि काही न सुचून तिच्या हातात एक केळं ठेवून बाहेर गेले.

बुधवारी सरावानंतर शर्यतीचे अडथळे आत ठेवायची पाळी मास्तरणीची आणि तोफेची होती. सुतळीची नव्हती, तिने तोफेला दोन बिस्किटांचे पुडे देऊन तिची पाळी विकत घेतली. खेळाचं सामान ठेवायची खोली म्हणजे एक लांबट कोंदट बोळ. एका बाजूला चटयांची चळत, दुसऱ्या बाजूला फळीवर जुने चेंडू, वर जाळ्यांची गाठोडी, आणि सगळीकडे रबराचा वास. असल्या खोलीत कुणी प्रेमाची कबुली देऊ नये. पण दुसरी जागा कुठे होती?

मास्तरीण एकेक अडथळा भिंतीला लावत होती, सगळ्यांची टोकं एका रेषेत येतील अशी.

“माझा तुझ्यावर विश्वास आहे,” सुतळी म्हणाली.

“मुद्दा असा आहे, की वागण्यातून तसं—”

“मला बोलू दे! नाहीतर मी परत सगळं विसरेन.” सुतळीने चटयांना धरून ठेवलं. “तू येशील का नाही म्हणून मी बघत नाही. तू येणारच हे मला माहीत असतं. मी बघते कारण... कारण तू येताना मला बघायचं असतं. तुला. तू येतेस ना, जीभ दातांत धरून, तेव्हा मला असं वाटतं की आज काही वाईट होऊच शकत नाही. पट्टीपर्यंत बघून माझं पोटच भरत नाही. मला तू आवडतेस. मैत्रिणीसारखी नाही. म्हणजे मैत्रिणीसारखी पण, आणि तसली पण. झालं. संपलं. आता तू पहिली धाव नाहीतर दुसऱ्या शाळेत जा.”

एक चेंडू फळीवरून घरंगळला आणि टप् टप् करत दाराबाहेर गेला. दोघींपैकी कुणीही त्याला अडवलं नाही.

मास्तरणीने चष्मा काढला. पुसला. परत घातला, तो उलटा. काड्या वर तरंगायला लागल्या तेव्हा तिच्या लक्षात आलं. “दर वेळी?” तिने विचारलं.

“काय दर वेळी?”

“दर वेळी त्याच कारणासाठी बघायचीस? चार आठवडे, आठवड्याला पाच दिवस, दिवसाला सहा.” तिचे ओठ हलले. “एकशेवीस वेळा?”

“दोनदा डोळ्यांत माती गेली होती. एकशेअठरा.”

मास्तरणीचे कान लाल झाले. मग गाल, मग मान. “मला विचार करावा लागेल.”

“किती?”

“शनिवारपर्यंत. शर्यतीनंतर सांगेन. घाईत बोललं की माझ्याकडून मुद्दे सुटतात.” ती दाराकडे गेली, उंबऱ्यात थबकली आणि न वळता म्हणाली, “बाईंना सांगते, मी तिसरीच धावेन. पण एका अटीवर. शनिवारी पट्टीनंतर मागे बघायचं नाही. एकदाही नाही.”

“एकदाही?”

“आता मला कारण माहीत झालंय ना. तू बघितलंस तर माझे पाय एकमेकांत अडकतील.” आणि ती पळाली. शाळेच्या आवारात, शर्यत नसताना, मास्तरीण पळाली! सुतळी चटयांवर पसरली आणि छताकडे बघून वेड्यासारखी हसत राहिली.

नाही म्हणाली नव्हती. हो म्हणाली नव्हती. या दोन्हींच्या मध्ये गुरुवार आणि शुक्रवार असे दोन लांबलचक दिवस होते आणि सुतळीने ते हवेत काढले. आईने तिला साच्यासाठी प्लास्टर कालवायला सांगितलं तर ती इतका वेळ ढवळत राहिली की प्लास्टर भांड्यातच घट्ट झालं आणि चमचा मधोमध उभा राहिला. बाबांनी तो उपटायचा प्रयत्न केला, मग भांड्यासकट फळीवर ठेवून दिला. गुरुवारी बाईंनी यादी लावली: तिसरी मास्तरीण, चौथी सुतळी. खाली लाल पेनाने लिहिलं होतं, ‘मान वळली तर मोडीन.’ दोन्ही दिवस सरावात सुतळीची मान अधूनमधून वळलीच. मास्तरीण तिला रागावली नाही, फक्त पट्टीजवळ आली की डोळे मिटून धावायला लागली. बाईंनी शिट्टी तोंडातून काढून कपाळाला हात लावला.

शनिवारी मैदान गजबजलं होतं. नऊ शाळा, रंगीबेरंगी बनियनं, कर्ण्यातून खरखरणारा आवाज. आईबाबा कठड्याशी उभे होते, बाबा हेल्मेट काखेत घेऊन. त्यांना आता सगळं माहीत होतं. आईने शुक्रवारी सकाळी चहाच्या वेळी सांगितलं होतं, क्रमाने. त्यावर बाबांनी एवढंच विचारलं होतं, की त्या पोरीला केळी आवडतात का, कारण न्यायची तर दोघींपुरती न्यायला हवीत. त्याप्रमाणे ते अर्धा डझन घेऊन आले होते.

शर्यतीआधी दोघी पट्टी लावायला गेल्या. पद्धत ठरलेली होती. सुतळी टाचेला चवडा लावत मागे पावलं टाकायची आणि मास्तरीण शेजारून मोजायची.

“एक. दोन. तीन.” मास्तरीण आज बोलत नव्हती, फक्त मोजत होती. तिच्या खिशातून वहीचा कोपरा डोकावत होता. वही शर्यतीच्या मैदानावर कशाला आणली असेल? त्या वहीत उत्तर असणार. “अकरा. बारा. तेरा.” उत्तर वहीत लिहून आणलंय म्हणजे लांबलचक असणार. ‘नाही’ला इतकी जागा लागते का? की ‘नाही’लाच लागते? “तेरा. चौदा.” सुतळीने तिच्याकडे पाहिलं. मास्तरणीनेही नेमकं तेव्हाच पाहिलं. दोघींनी माना खाली घातल्या. “चौदा. पंधरा. सोळा.” सुतळीला हसू फुटलं, ते बघून दोन क्षणांनी मास्तरणीला फुटलं. “सतरा! अठरा! लाव पट्टी.”

पट्टी लागली. दोघींपैकी एकीनेही परत मोजलं नाही. आयुष्यात सगळं दोनदा मोजणारी मुलगी आपल्याच आकड्यांत अडखळली होती आणि तिच्याकडे बघत राहिलेल्या मुलीला ते कळलंसुद्धा नव्हतं. मास्तरणीने वही बाकावर ठेवली आणि ती वळणाच्या पलीकडे आपल्या जागेवर गेली.

बंदूक उडाली. पहिलीने छान सुरुवात केली, दुसरीने एक जागा गमावली, नळी मास्तरणीच्या हातात पडली तेव्हा त्यांची शाळा चौथी होती. सुतळी वाकून, खांद्यावरून मागे बघत उभी होती. वळणावर मास्तरीण दिसली. जीभ दातांत, चष्मा नाकावर नाचतोय. तिने एकीला मागे टाकलं. सुतळीने डोळे भरून पाहून घेतलं, कारण पट्टीनंतर बघायचं नव्हतं. पाय पट्टीवर पडला. सुतळीने तोंड पुढे केलं आणि सुटली.

एक, दोन, तीन, चार ढांगा. आता आवाज यायला हवा होता.

आला नाही.

आणखी दोन ढांगा. शेजारच्या लेनमध्ये ‘घे!’ झालं, त्यापलीकडच्या लेनमध्ये झालं. तिच्या मागे काहीच नाही. पडली का ती? पाय एकमेकांत अडकले? समोर पिवळी रेघ दिसायला लागली, झपाट्याने जवळ यायला लागली. एकदा मान वळवली, जरासा वेग सोडला, तर सगळं सुरक्षित. संघ बाद होणार नाही, बाई समजून घेतील. सुतळीचा अख्खा जीव मानेत गोळा झाला. पण मागे जी येत होती तिला तिने सांगितलं होतं, की तू येणारच हे मला माहीत असतं. ते एक तर खरं होतं नाहीतर नव्हतं. सुतळीने हाक न ऐकताच हात मागे केला, तळवा उघडला आणि वेग वाढवला.

रिकामा हात मागे धरून धावायला किती वेळ वाटतो! रेघ चार पावलांवर आली. तीन.

“घेऽऽऽ!”

असली हाक तोफेलाही कधी जमली नसती. नळी तळव्यात चप्पकन बसली आणि दुसऱ्याच ढांगेला सुतळीने रेघ ओलांडली. नंतर काय झालं ते तिला नीट आठवत नाही. पाय जमिनीला लागत होते की नाही, कोण जाणे. एक बनियन मागे गेलं, मग दुसरं, मग फक्त एक निळं पुढे राहिलं आणि ते छातीभर पुढेच राहिलं. दुसरा नंबर. सुतळी गवतावर कोसळली, हात पसरून, मोठमोठ्याने हसत.

तेवढ्यात कठड्याशी गलका झाला. लोक बोटं दाखवत होते. सुतळीने डोकं उचललं. तिच्याच लेनमधून, रिकाम्या हातांनी, मास्तरीण धावत येत होती. नळी देऊन झाली की थांबायचं असतं हे ती साफ विसरली होती. ती तशीच शेवटच्या रेघेपर्यंत आली, रेघ ओलांडली आणि कंबरेवर हात ठेवून वाकली. मागोमाग झेंडा घेतलेले एक पंच धापा टाकत पोचले.

“तू कुठे चाललीस? तुझं धावणं मागेच संपलं ना!”

“मुद्दा असा आहे,” मास्तरीण म्हणाली, मग दोन श्वास घेतले, “की मी लेन सोडलेली नाही. कुणाला अडवलेलं नाही. मग बाद कशाला करायचं?”

पंचांनी डोकं खाजवलं, दुसऱ्या पंचांकडे जाऊन चर्चा केली आणि झेंडा गुंडाळून निघून गेले. मैदानाच्या पलीकडून शिट्टीबाई तरातरा आल्या. “वीस!” त्या लांबूनच ओरडल्या. “मी माझ्या पायांनी मोजून आलेय! माझा पाय हिच्यापेक्षा लहान नाही! अठराची वीस कुणी केली?”

“मी, बाई,” मास्तरीण म्हणाली.

“तू? तू?” बाईंचा विश्वास बसेना. “दोन पावलं आधी सुटली ही! म्हणून हाक इतकी उशिरा! दोन पावलांपायी पहिला नंबर गेला!” मग त्यांनी सुतळीकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. “आणि तरी तू मान वळवली नाहीस.” दोघी पोट धरून हसत होत्या. बाईंनी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं, तोंडाशी नेलेली शिट्टी परत खाली सोडली आणि “पाणी प्या आधी” म्हणून त्या दुसऱ्या दोघींना शोधायला गेल्या.

मास्तरीण गवतावर सुतळीच्या शेजारी बसली. हसू हळूहळू ओसरलं.

“शर्यत झाली,” सुतळी म्हणाली.

“हो. मी लिहून आणलं होतं. तीन मुद्दे.” मास्तरणीने खिसा चाचपला. “वही तिकडे बाकावर राहिली.”

“तोंडी सांग ना.”

“पहिला मुद्दा...” ती थांबली. धाप अजून थांबत नव्हती. “पहिला मुद्दा, हो.”

“आणि दुसरा?”

“दुसऱ्यातही तेच आहे. जरा सविस्तर.”

सुतळीने नुसता हात पुढे केला आणि मास्तरणीने तो धरला. घामेजलेला, मातीने भरलेला हात, पण सोडायची कुणालाच घाई नव्हती. लांबून बाबा केळी उंच धरून खुणावत होते आणि आई त्यांची बाही ओढून त्यांना थांबवत होती.

“तिसरा मुद्दा राहिला,” सुतळीने आठवण करून दिली.

मास्तरणीने चष्मा काढून बनियनला पुसला. चष्म्याशिवाय तिचे डोळे लहान आणि अगदी घाबरलेले दिसत होते. “वर्षाच्या सुरुवातीला बाईंनी मला पहिलीच जागा दिली होती. माझी सुरुवात चांगली आहे ना, म्हणून. तिसरीला नळी घ्यावीही लागते आणि द्यावीही लागते. धावता धावता मागे हात करून घेणं मला मुळीच आवडत नाही.” तिने बोलता बोलता हात आणखी घट्ट धरला. “तरी मी तिसरी मागून घेतली. आठवडाभर बाईंच्या मागे लागले होते. कारण चौथी तू होतीस.”